मिरचीले गोधडी : रोपांच्या हीट मॅटचा दोन हिवाळ्यांचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्यानं इथूनच परत गेलं तरी चालते. बियाणं उगवायची हीट मॅट, म्हणजे रोपांच्या ट्रेखाली घालायची विजेवर तापणारी चटई, काम करते. पण डब्यावर जे काम छापलं आहे ते नाही, थोडं वेगळंच काम करते, अन् ते वेगळं काम समजायला मला एक अख्खा हिवाळा, एक उकडलेला ट्रे अन् बाबांचे टोमणे एवढं सगळं खर्ची घालावं लागलं. कंपनीचं नाव टाकत नाही, ऑनलाइन पाहिलं तर मला तरी सगळ्या मॅटा सारख्याच दिसल्या, काळं रबर अन् वर पांढऱ्या रेघा.

आता पहिला प्रश्न, जो गावातल्या प्रत्येकानं विचारला. विदर्भात अन् हीटर? मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत कुलरसमोरून न उठणारी माणसं आपण, अन् हा पोट्टा गरम व्हायची मशीन पैसे देऊन आणते. हसा राजेहो, मीही हसलो असतो. पण उन्हाळी मिरचीचं रोप मे मध्ये नाही टाकत ना, ते डिसेंबरच्या शेवटी टाकावं लागते, अन् तेव्हा इकडं काय हिव वाजते ते ज्यानं पहाटे तीनला थ्री फेज लाइन आली म्हणून गव्हाले पाणी दिलं आहे त्यालाच विचारा. २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ डिग्रीवर उतरलं होतं, लोकांना आठवत असंल. आमचं गाव वरुड तालुक्यात, डोक्यावर सातपुडा, त्या रात्री नळाच्या पाण्यात हात घालवत नव्हता.

उन्हाळी मिरची काऊन, तर त्याचं उत्तर राजुरा बाजारात आहे. रात्री भरणारा मिरचीचा बाजार, आमच्याकडचे सगळे पावसाळी मिरचीचा माल तिथंच घेऊन जातात, अन् सगळ्यांची मिरची एकाच वेळी आली की भाव कसा बसते हे मी लिहायची गरज नाही. म्हणून म्हटलं एक एकर फेब्रुवारीत लावू, ड्रिप आहे, मल्चिंग टाकू, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला तोडा निघाला पाहिजे. फेब्रुवारीत लावायचं म्हणजे रोप तेव्हा हातात पाहिजे, अन् इथंच गाडी अडते.

मिरचीचं बी २५ ते ३० डिग्रीत खुश असते, आठ-दहा दिवसात मान वर काढते. वीसवर आलं की दोन-तीन आठवडे घेते. पंधराच्या खाली गेलं की झोपूनच राहते, अन् नुसतं झोपलं असतं तरी हरकत नव्हती, पण ओल्या गार कोकोपीटात (नारळाच्या काथ्याचा भुसा, ट्रेमध्ये मातीऐवजी भरतात तो) पडून पडून ते सडते. दुपारी २८ असते म्हणून फसू नका, रात्री ९-१० होते अन् ट्रेमधला कोकोपीट सकाळी अकरापर्यंत तसाच गार राहते. मिरची मुळात आपली नाहीच ना, मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची, पोर्तुगीजांच्या जहाजातून आली. इकडं येऊन चारशेच्या वर वर्षं झाली, आपल्या ठेच्यात घुसली, भिवापूरच्या मिरचीला तर जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण हिव काही तिला अजून सोसत नाही.

मॅट घ्यायच्या आदल्या वर्षी मी रोप नर्सरीतून घेतलं होतं. कोणती ते जाऊ द्या. ठरलेल्या तारखेला गेलो तर म्हणे थंडीनं रोप थांबलं आहे, पंधरा दिवसांनी या, अन् पंधरा दिवसांनी जे दिलं त्याच्या शेंड्यात फुलकिडे फिरत होते, लावल्यावर महिन्याच्या आत निम्म्या वावरात चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळायचा रोग. तेव्हाच ठरवलं की पुढचं रोप घरी.

तर मॅट. १० इंच बाय २०.७५ इंच, २० वॅट, साडेसोळाशे रुपये. सोबत थर्मोस्टॅट वेगळा घ्यावा लागते, तो साडेअकराशे. पार्सल गावात येत नाही, दोनदा फोन करून वरुडला जाऊन आणलं, येता येता कोकोपीटची पाच किलोची वीटही आणली. मॅट हातात घेतली तर वजनच नाही, आतली तार बोटाला लागते, गोधडीच्या धाग्यासारखी इकडून तिकडं फिरवलेली. थर्मोस्टॅट म्हणजे एक डबी, तिला एक पिन, एक सॉकेट अन् एक बारीक लांब वायर जिच्या टोकाला खिळ्यासारखं स्टीलचं टोक. ते टोक कोकोपीटात खुपसायचं, त्याला गार लागलं की डबी मॅट चालू करते, गरम लागलं की बंद. तत्त्व एकदम सोपं.

पहिली अडचण पिनची. दोन चपट्या पट्ट्यांची पिन, आपल्या कोणत्याच बोर्डात जात नाही. तीस रुपयांचा कन्व्हर्टर आणला. इथं एक गोष्ट नीट पाहा, मागवताना मॅटवर २२०-२४० व्होल्ट लिहिलं आहे का ते बघूनच मागवा, ११० व्होल्टवाली चुकून आली अन् आपल्या लायनीवर लावली तर चौपट तापते, मंग बी सोडा, गोठाच पेटवाल.

दुसरी अडचण म्हणजे थर्मोस्टॅट लावला अन् डबीवर आकडा आला ८५. बाबा मागं खाटेवर बसले होते, चष्मा लावून वाचला त्यांनी तो आकडा.

"पंच्याऐंशी? बी उगवून राह्यला का चहा मांडून राह्यला?"

मलाही पहिले दोन मिनिटं समजलं नाही. मंग डोक्यात आलं की हे फॅरनहाइट आहे, ८५ म्हणजे आपले साडेएकोणतीस. माहितीपत्रकातही सगळं फॅरनहाइटमध्येच. डबीचं एक बटन तीन-चार सेकंद दाबून धरलं की सेल्सिअस होते, हे पत्रकात कुठंच नाही, पुतण्याला खेळता खेळता सापडलं. मी २८ वर सेट केलं अन् तेव्हापासून त्याला हात लावला नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी एक ट्रायल घेतली, शास्त्रज्ञासारखी नाही, आपली घरगुती. ९८ कप्प्यांचे तीन ट्रे, एकच पाकीट, एकच कोकोपीट, २६ डिसेंबरला एकाच दिवशी टोबले, म्हणजे एका कप्प्यात एक बी खुपसलं. एक ट्रे मॅटवर, गोठ्याला लागून जो टिनाचा शेड आहे त्यात. दुसरा शेडनेटखाली उघडा, जसं सगळे करतात. तिसरा मायच्या ताब्यात. माय म्हणाली, "तुह्या गोधडीचं तू पाह्य, माह्या ट्रेले हात नोको लावू." तिनं ट्रे काळ्या पन्नीत गुंडाळला, गोठ्यात कुटाराचा (मळणीनंतरच्या भुशाचा) ढीग आहे त्यात खड्डा केला, खाली घमेलंभर ताजं शेण, वर थोडं कुटार, त्यावर ट्रे, अन् सगळ्यावर बारदाना. रोज संध्याकाळी दूध काढून झालं की बारदान्याखाली हात घालून पाहायची, जसं ताप पाहतात तसं. माझी आजी म्हणे बियांची ओली पोटली कमरेला खोचून फिरायची, अंगाच्या गर्मीनं मोड यायचे. अन् मी इकडं पावणेतीन हजाराचं सामान मांडून बसलेलो.

पहिले तीन दिवस मॅट फेल. सेट २८ वर, अन् रात्री डबी पाहिली तर २१. दिवा सतत चालू, म्हणजे बिचारी तापत होती पण पोचत नव्हती. मंग लक्षात आलं की खाली सिमेंटची गार फरशी आहे, मॅट अर्धी तर फरशीच तापवते आहे. टीव्हीच्या खोक्यातलं थर्मोकोल घरात पडलं होतं, ते खाली घातलं, वरून ट्रेवर पन्नी अन् पन्नीवर जुनी चादर. दोन तासात २७. हे पत्रकात पहिल्या ओळीत छापायला पाहिजे होतं खरं म्हणजे. मॅट भोवतालच्या हवेपेक्षा पाच-दहा डिग्रीच वर चढवू शकते, तिच्यात याच्यापेक्षा जास्त दम नाही, त्यामुळं तिची गर्मी खाली-वर पळू न देणं हे आपलं काम.

सहाव्या दिवशी संध्याकाळी चादर उचलली तर पाच कप्प्यांत पांढऱ्या माना वाकलेल्या, कोकोपीट डोक्यावर घेऊन उभ्या. मोबाइलचा टॉर्च लावून सगळ्यांना बोलावून दाखवल्या. नवव्या दिवशी ८१ मोजल्या, शेवटी ९८ पैकी ९० झाल्या. मायच्या ट्रेमध्ये पहिली मान नवव्या दिवशी, चौदाव्या दिवसापर्यंत ८४. शेडनेटवाला ट्रे तेराव्या दिवशी जागा झाला अन् तीन आठवड्यांनंतर त्यात ५२ होत्या, तेही एक बोटभर तर एक नुकतंच डोळे उघडलेलं. आता गणित तुम्हीच करा. मॅट जिंकली, पण शेणाकुटारानं तिला फक्त तीन दिवस अन् सहा रोपांनी हरू दिलं, अन् ते फुकट होतं. मायनं हे कोणालाही सांगितलं नाही असं तुम्हाला वाटत असंल तर तुम्हाला आमचं गाव माहीत नाही.

मॅटच्या ट्रेमध्ये एक गंमत पाहिली. ९८ चा ट्रे म्हणजे सात बाय चौदा, रुंदी ११ इंच, अन् मॅट १० इंच. म्हणजे दोन्ही लांब बाजूंच्या ओळी अर्ध्या मॅटच्या बाहेर. तिथली रोपं मधल्यांपेक्षा तीन-तीन दिवस मागं. उपाय एवढाच की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ट्रे थोडा या बाजूला, मंग थोडा त्या बाजूला सरकवत राहायचा. मधले कप्पे लवकर सुकतात तेही पाहायचं, गर्मी खालून येते त्यामुळं वरून ओलं दिसते अन् खाली कोरडं असते, एखाद्या कप्प्यात काडी घालून पाहिल्याशिवाय समजत नाही.

आता उकडलेला ट्रे. जानेवारीत दुसरी खेप टाकली, सगळं शिकलो आहे अशा तोऱ्यात. आमच्या गोठ्यात एक मांजर आहे, तिला दोन दिवसात पत्ता लागला की गावात सगळ्यात गरम जागा कोणती. चादरीवर, बरोबर ट्रेच्या मधोमध, पाय पोटात घेऊन. चार वेळा हाकललं. पाचव्या दिवशी मी संत्र्याच्या बागेत होतो, तिनं अंग ताणलं असंल की काय, ते स्टीलचं टोक कोकोपीटातून निघालं अन् खाली ओल्या फरशीवर जाऊन पडलं. टोकाला फरशीचं गार लागते आहे, डबीला वाटते अजून वीसच आहे, ती मॅट तापवत राहिली, अन् दुपारचं टिन वरून तापलेलं. चार वाजता आलो, हात घातला तर कोकोपीट आंघोळीच्या पाण्यासारखं. थर्मामीटर खुपसला, ४१. त्या ट्रेमधून अकरा रोपं निघाली. माझं दहा ग्रॅमचं हायब्रीड पाकीट साडेसहाशेचं होतं, एका ग्रॅममध्ये दीडशेच्या आसपास बिया, म्हणजे एका बीला चाळीस-पंचेचाळीस पैसे, तुम्हीच पाहा मांजर केवढ्याला पडली. तेव्हापासून ते टोक कप्प्यात खुपसून वरून बाइंडिंग तारेनं ट्रेला बांधतो, अन् दिवसा दहा ते पाच मॅट बंदच ठेवतो, टिनाखाली दिवसा तिची गरजही नसते.

आणखी एक चूक, अन् ही मॅटची नाही, माझी. पहिल्या खेपेच्या वेळी नव्वद टक्के उगवलं तरी ट्रे मॅटवरच ठेवला, मोर्शीला लग्न होतं, दोन दिवस तिकडंच. आलो तर रोपं बोट-बोट लांब, पांढरट, धाग्यासारखी, सगळी दरवाज्याच्या फटीकडं वाकलेली. गर्मी भरपूर अन् उजेड नाही म्हटल्यावर ते बिचारं उजेड शोधत लांबच होणार. नंतर उन्हात काढली तर पाचव्या दिवशी एका कोपऱ्यातून कोलमडणं चालू. देठ जमिनीजवळ असं बारीक होते जसं कोणी चिमटीत धरून दाबलं, अन् रोप तिथंच आडवं, पानं मात्र दुपारपर्यंत हिरवीगार. ही मर. कोंदट ओल अन् लांब झालेलं नाजूक देठ, बुरशीला आणखी काय पाहिजे. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम करून मुळाशी दिलं, पसरणं थांबलं पण गेलेलं गेलं. दुसऱ्या वर्षी कोकोपीट भिजवतानाच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी) मिसळला अन् पाणी हात राखून दिलं, मर जवळजवळ दिसली नाही. तेव्हा नियम असा की निम्म्या माना दिसल्या की ट्रे मॅटवरून खाली. राहिलेल्या निम्म्या येतात मागून.

आता खरी गोष्ट, जी मला पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी समजली. एका एकराला पाच फूट बाय सव्वा फुटावर साधारण सात हजार रोपं लागतात. सात हजार म्हणजे ९८ चे बहात्तर ट्रे. एका मॅटवर एका वेळी एक ट्रे बसते, एक ट्रे आठ-नऊ दिवस घेते. म्हणजे अख्खं रोप तयार व्हायला दीड-पावणेदोन वर्षं लागतील. कुंडीत दहा मिरच्या लावणाऱ्या शहरातल्या लोकांसाठी ठीक आहे, शेतकऱ्यासाठी हे खेळणं आहे. असंच लिहून दोन स्टार देणार होतो मी.

अन् मंग एका रात्री बायकोनं मटकी भिजवली. हिवाळ्यात मटकीला मोड येत नाहीत, तिनं फडक्यात बांधून डबा बंद करून ठेवलेल्या त्या मॅटवर ठेवला, मला विचारून सुद्धा नाही, म्हणाली, "अहो ती चालू करा ना, तशी बी रिकामीच पडली." सकाळी मटकीला हे एवढे मोड. मी चहाचा कप हातात घेऊन त्या डब्याकडं पाहतच राहिलो. बी उगवायला पूर्ण ट्रे कायले गरम करायचा? गर्मी बीला पाहिजे, कोकोपीटाला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तसंच केलं. पाच पाकिटं, पन्नास ग्रॅम बी. झाकणाचे चपटे प्लास्टिकचे डबे सहा, प्रत्येकात जुन्या धोतराचं फडकं भिजवून, पिळून, त्यावर बी एका थरात पसरलं, वरून दुसरं फडकं. पाणी साचलं नाही पाहिजे, फडकं पिळलं तर थेंब न पडेल एवढंच ओलं. सहाही डबे एका मॅटवर दोन थरात बसले, खाली थर्मोकोल, वरून चादर, रोज एकदा झाकण उघडून वरचे खाली अन् खालचे वर. डबे घरातल्या वापराचे घेऊ नका, अन् बीला हात लावताना हातमोजे घाला, पाकिटातलं बी लाल-गुलाबी दिसते ते औषध असते, ते मटकीसारखं धुऊन खायचं नाही.

चौथ्या दिवशी रात्री पहिली पांढरी टोकं दिसली. इथं उशीर करायचा नाही. मटकीएवढा मोड येऊ दिला तर टोबताना तुटतोच, नुसतं पांढरं टोक डोकावलं, तांदळाच्या कणीएवढं, की काढायचं. पाचव्या अन् सहाव्या दिवशी बायको अन् शेजारच्या दोघी काकू गोठ्यासमोर उन्हात ट्रे मांडून बसल्या, अगरबत्तीची काडी ओली करून तिच्या टोकानं एक एक बी उचलून कप्प्यात, वरून चिमूटभर कोकोपीट. काकूंनी दिवसभर त्या मांजरीची गोष्ट ऐकवून घेतली. ७४ ट्रे भरले. वाटाण्याच्या शेंगा सोलल्यासारखं काम आहे, कंटाळवाणं, पण ज्या बीला मोड नाही ते कप्प्यात जातच नाही, रिकामे कप्पे राहतच नाहीत म्हणा ना.

ते ७४ ट्रे मग मायच्या पद्धतीनं, एकावर एक, काळी पन्नी, गोठ्यात जनावरांच्या बाजूनं. मोड आलेलं बी गारव्यातही पुढं सरकते, सुरू झालेली गाडी आहे ती. पाचव्या दिवशी माना, लगेच ट्रे सुटे करून बाहेर. म्हणजे मॅट पाच-सहा दिवस चालली, तीही रात्रीच जास्त, २० वॅट म्हणजे चोवीस तास लावली तरी दिवसाला अर्धं युनिट नाही. इलेक्ट्रिक बिलात दिसलीही नाही.

रोप वर आल्यावर मॅटचा काहीच उपयोग नाही, हे मात्र कंपनीवाले सांगत नाहीत, त्यांच्या फोटोत तर चार-चार पानांची रोपं मॅटवर बसलेली दाखवतात. पुढचे चाळीस दिवस रोपाला पांघरूण लागते अन् उजेड लागते. मी बांबूच्या कमच्या वाकवून गुडघ्याएवढे बोगदे केले, वर पांढरी पन्नी, रात्री त्यावर बारदाने, सकाळी नऊला बारदाने काढायचे अन् दहा वाजता पन्नीची दोन्ही तोंडं उघडायची, विसरलात तर आत दुपारी चाळीस होते अन् मांजरीशिवायच ट्रे उकडतात. आतून बारीक जाळी, नाहीतर फुलकिडे-पांढरी माशी फुकटात आत.

अन् पाणी. टाकीतलं रात्रभर गारठलेलं पाणी सकाळी रोपांवर शिंपडू नका, बर्फाचा शेकच तो. आमच्या बोअरचं पाणी हिवाळ्यात सकाळी कोमट येते, पाइपातून वाफ निघताना दिसते, तेच थेट झारीत घेऊन अकराच्या सुमाराला दिलं. पन्नास रुपयांची सुद्धा ही गोष्ट नाही पण मला वाटते रोपांना हिचाच सगळ्यात जास्त फायदा झाला. पानं पिवळसर पडून जी थांबतात ना जानेवारीत, ती थांबली नाहीत.

फेब्रुवारीच्या बारा तारखेला लागवड. साडेसहा हजाराच्या थोडी वर रोपं निघाली, एकराला कमी पडली, शेवटच्या तीन ओळींत मायनं वांगी लावली. पैशाचं सांगायचं तर नर्सरीवाला बी माझं धरून रोपामागं सव्वा रुपया सांगत होता, म्हणजे पावणेनऊ हजार. माझे ट्रे, कोकोपीटच्या चार विटा, दोघींची दोन दिवसांची मजुरी अन् मॅट-थर्मोस्टॅट धरून सव्वासहा-साडेसहा झाले. यंदा ट्रे अन् मॅट आहेतच. पन्नी-जाळी घरची होती, ज्याला विकत घ्यायची आहे त्यानं ते वेगळं धरावं.

तेव्हा घ्यायची कोणी? हायब्रीडचं महाग बी आहे, हिवाळ्यात टाकायचं आहे अन् गोठा-कुटार घरी नाही, त्यानं घ्यावी. ढोबळी मिरचीवाल्यांनी तर नक्की घ्यावी, तिचं बी याहून महाग. ज्याच्याकडं चार जनावरं अन् एक माय आहे त्यानं घेतली नाही तरी चालते. मेमध्ये पावसाळी मिरचीचं रोप टाकणाऱ्यानं घेतली तर मात्र मी त्याच्या घरी येऊन हसीन. थर्मोस्टॅटशिवाय नुसती मॅट कोणीच घेऊ नका.

स्टार साडेतीन. एक कापला पत्रकासाठी, ज्यात थर्मोकोल नाही, सेल्सिअस नाही अन् मांजर नाही. अर्धा कापला वायरसाठी, मॅटची जेमतेम दीड मीटर, थर्मोस्टॅटची त्याहून आखूड, आमच्या शेडमध्ये बोर्ड एका टोकाला अन् कोरडी जागा दुसऱ्या टोकाला. एक्स्टेंशन लावावं लागते, अन् ते खाली जमिनीवर ठेवू नका, झारीचं पाणी तिकडंच जाते, खिळा ठोकून छातीएवढ्या उंचीवर टांगा. मॅट सध्या स्वयंपाकघरात आहे, माय रात्री तिच्यावर दह्याचं गंज ठेवते, २८ वरच.